आक्षेपाला उत्तर, हल्ल्याला फिर्याद



या स्मृती-व्याख्यानासाठी निवडलेला विषय अवघड आहे आणि आपल्या अगदी दारातला आहे. आपल्या श्रद्धेविषयी ज्यांच्या मनात राग आहे, त्यांच्याशी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे? जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. सासरी छळ झाला, धर्मासाठी दबाव आला, असा आरोप माहेरच्यांनी केला. त्या आरोपाची शहानिशा करणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. त्यावर येथून निवाडा देणे मला शोभणार नाही. पण त्याच महिन्यात सांगलीच्या जाहीर सभेत जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंवर हात टाकणाऱ्यांसाठी लाखोंच्या बक्षिसांची भाषा केली. जुलैमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती समाज त्याच्या निषेधासाठी जमला. धर्मांतरविरोधी कायद्याची मागणीही त्यानंतर जोराने पुढे आली. एका मुलीचा जीव गेला, आणि धर्मगुरूंच्या अंगावर जाणाऱ्याला इनाम लागले. या दोन गोष्टी एकाच महिन्यात, एकाच जिल्ह्यात घडल्या. ज्याला दुसऱ्या गोष्टीचा संताप येतो, त्याला पहिलीचेही दुःख झाले पाहिजे. आणि पहिलीचे दुःख करणाऱ्यालाही दुसरी समर्थनीय वाटता कामा नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याला आपण सरसकट विरोध म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक असतो आक्षेप: तुम्ही आमिष दाखवता, तुमचा धर्म परका आहे, तुम्ही आमच्या घरात फूट पाडता. दुसरा असतो हल्ला: मारहाण, धमकी, प्रार्थना बंद पाडणे, बहिष्कार, चिथावणी. आक्षेपाला उत्तर द्यायचे असते, आणि त्याआधी स्वतःला तपासायचे असते. हल्ल्याची फिर्याद करायची असते. आपली चूक होते ती या दोहोंची गल्लत केल्यामुळे. कोणी कडक प्रश्न विचारला की आपण छळाची हाकाटी करतो, आणि कोणी प्रत्यक्ष अंगावर धावून आले की क्षमेचे नाव घेऊन गप्प बसतो. म्हणजे जिथे बोलायला हवे तिथे आपण रडतो आणि जिथे ठामपणे उभे राहायला हवे तिथे मान खाली घालतो. हा क्रम उलटा केला पाहिजे.

हा भेद मी आज कायद्याच्या पुस्तकातून काढलेला नाही. तो शुभवर्तमानातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूची चौकशी चालू असताना एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. येशू उलट हात उगारत नाही. पण तो गप्पही बसत नाही. आपण काही वाईट बोललो असू तर ते दाखवून दे, आणि बोललो ते योग्य असेल तर मारलेस का, असा सवाल तो त्या शिपायाला करतो. या एका सवालात माझ्या सगळ्या व्याख्यानाचा आशय आहे. आधी तो स्वतःचे बोलणे तपासायला मोकळे ठेवतो, मग मारण्याचे कारण मागतो. फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की आता निघून जा. पौल निघाला नाही. आम्ही रोमचे नागरिक आहोत, आम्हाला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता काय, ज्यांनी हे केले त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. पुढे याच पौलाने कैसराकडे दाद मागितली. पेत्राच्या पहिल्या पत्रात एक इशारा आहे. तुमच्यापैकी कोणाला दुःख सोसावे लागले, तर ते खून, चोरी, दुष्कृत्य किंवा दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ यांपायी नसावे, असे तो बजावतो. खुनाच्या आणि चोरीच्या पंक्तीला ढवळाढवळ बसवलेली पाहून आपण थबकायला हवे. छळाची प्रत्येक तक्रार आधी या कसोटीला लावावी लागेल. सोसले ते श्रद्धेसाठी, की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्यामुळे?

दुसऱ्या शतकात रोमन सम्राटाला लिहिलेल्या आपल्या समर्थनपत्रात जस्टिन यानेही हीच भूमिका घेतली. ख्रिस्ती हे नाव लागले म्हणून शिक्षा करू नका. माणसाने केले काय ते तपासा, आणि आमच्यातला कोणी गुन्हेगार ठरला तर त्याला गुन्हेगार म्हणून शिक्षा करा, असे त्याचे मागणे होते. त्याने आपल्या माणसांसाठी सूट मागितली नाही. आजच्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीने हेच शब्दशः म्हटले पाहिजे. सुनेला छळणारा कोणी आमच्यातला निघाला, तर तो आमचा आहे म्हणून आम्ही त्याला पाठीशी घालणार नाही. पण त्याच्या नावाखाली गावातल्या प्रत्येक पाळकाला आरोपी करणेही आम्ही मान्य करणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. मराठी मुलखात ख्रिस्ती धर्मावर आक्षेप घेण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती बहुतांशी सभ्य आहे, हे आपण विसरतो. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात उघड्यावर, लोकांच्या गर्दीसमोर वाद झाले. विष्णुबुवांनी बायबलातल्या विसंगतींवर, एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरण्याच्या कल्पनेवर, नरकाच्या शिक्षेवर नेमके बोट ठेवले. मिशनरींच्या बाजूने बोलणारे जॉर्ज बोवेन यांनी या वादांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापला, आणि पुढे मराठीतही ते वाद पुस्तकरूपाने आले. म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे छापायला कोणालाही कमीपणा वाटला नाही. त्या वादांत कोण जिंकले हे ठरवण्यात मला रस नाही. रस आहे तो एवढ्यातच, की ज्या वर्षी उत्तरेत तलवारी उपसल्या गेल्या, त्याच वर्षी धर्मासारख्या जिव्हाळ्याच्या गोष्टीवर मुंबईच्या वाळूत माणसे तोंडी भांडत होती. जो धर्म लोकांपुढे स्वतःला मांडतो, त्याने लोकांचे प्रश्न ऐकून घेतलेच पाहिजेत. टीका म्हणजे छळ नव्हे.

मात्र ही गोष्ट सांगताना मिशनरींचे माप त्यांच्या पदरात घातले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी लिखाणात हिंदू देवदेवतांविषयी हेटाळणीची भाषा भरपूर आहे आणि त्या हेटाळणीच्या पाठीशी राज्यकर्त्यांचे वजन होते. विष्णुबुवांचा आवेश त्यातूनही आलेला होता. पण त्याच पिढीत दुसरी वृत्तीही होती. अमेरिकन मराठी मिशनचे एबेनेझर बर्जेस साताऱ्यालाही काम करून गेले. मराठीत खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करायला म्हणून त्यांनी इथले ज्योतिष अभ्यासायला घेतले, आणि त्या अभ्यासातून सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर आकाराला आले. ते १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. शिकवायला आलेला माणूस आधी शिकला. ज्याच्याशी आपला मतभेद आहे त्याच्याजवळचे उत्तम काय आहे, हे माहीत असल्याशिवाय त्याला उत्तर देण्याचा अधिकार मिळत नाही.

विश्वासघाताचा आक्षेप सर्वांत तीव्रपणे पुढे आला तो १८९३ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या बाबतीत. सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. तिथे धर्म शिकवला जाणार नाही, या भरवशावर उच्चवर्णीय घरांतल्या विधवा मुली तिथे आल्या. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. केसरीने तोफ डागली, सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कोणाला बोलावत नाही आणि आलेल्याला हाकलणारही नाही. हे म्हणणे प्रामाणिक होते, असे माझे मत आहे. पण विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य होते, आणि ते आपण मान्य केले पाहिजे. रानडे-भांडारकर हे काही धर्मवेडे नव्हते. ते रमाबाईंच्या कामाचे हितचिंतक होते. आश्रयाला आलेल्या मुलीचे सगळे आयुष्य ज्या बाईच्या हातात आहे, तिच्या उघड्या दारात जाऊन बसण्याची ओढ आणि दडपण यांतली सीमारेषा पुसट असते. रमाबाईंनी यातून जो मार्ग काढला तोच आपल्यासाठी धडा आहे. केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभे केले, ते ख्रिस्ती संस्था आहे असे आधीच जाहीर करून. येणाऱ्याला कुठे येतो आहोत ते माहीत होते. अटी आधी सांगितल्या की विश्वासघाताचा आरोप उरत नाही.

परकेपणाच्या आक्षेपाला मराठी ख्रिस्ती माणसाने दिलेले सर्वांत मोठे उत्तर साताऱ्यात दिले गेले. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी किती मोजली, ते त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: काही वर्षांची ताटातूट, नातेवाइकांचे टोमणे, सोवळ्याओवळ्याचा स्वतःशी चाललेला झगडा. टिळकांनी या विरोधाचा विचार करून एक निदान केले. लोकांचा राग ख्रिस्तावर किती आणि ख्रिस्ताभोवती उभ्या राहिलेल्या परदेशी व्यवस्थेवर किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, वारकरी संतांशी आपले नाते सांगितले. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र बसू शकत. मे १९१९ मध्ये टिळक वारले, त्यामुळे प्रयोगाला दोन वर्षेही नीट मिळाली नाहीत. पण त्यामागचा विचार पक्का होता. पगार परदेशी मिशनकडून येत असेल, निर्णय साहेब घेत असेल, तर माझ्या साक्षीवर लोकांनी संशय का घेऊ नये, हा प्रश्न टिळकांनी स्वतःला विचारला आणि नोकरी सोडून त्याचे उत्तर दिले. टीकाकारावर चिडण्यापेक्षा त्याच्या टीकेतले कारण नाहीसे करणे हे अवघड आणि श्रेष्ठ काम आहे.

याचे फळ काय मिळाले? नगरला टिळकांच्या घरी बालकवी राहत होते. टिळकांनी त्यांना मुलासारखे वागवले. आणि बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. १९०७ मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले तेव्हा मराठी कवींमध्ये टिळक वडीलधारे होते. ज्या समाजाने त्यांना वाळीत टाकले होते, त्याच समाजाने त्यांच्या कविता शाळेच्या पुस्तकांत घातल्या आणि लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र मराठीचे वैभव म्हणून मिरवले. शंभर वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. तरी संमेलन झाले आणि फादर बोलले. त्यांच्यामागे सुबोध बायबलाची मराठी होती आणि हरित वसईच्या आंदोलनातली वर्षे होती. ज्याने गावाच्या पाण्यासाठी भांडण केले आहे, त्याला परका ठरवणे विरोधकालाही जड जाते.

यावर आज नवा आक्षेप घेतला जातो. अभंग, कीर्तन, भगवी वस्त्रे, आरती यांचा वापर हीच फसवणूक आहे, असे म्हटले जाते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेश आणि सोंग यांत फरक आहे, आणि तो फरक नाव लपवले जाते की नाही यावर ठरतो. टिळकांनी अभंग रचले ते ख्रिस्ताचे नाव घेऊन. कोणालाही ते विठ्ठलाचे वाटावेत म्हणून नव्हे. मराठी माणसाने मराठीत, आपल्या छंदात, आपल्या देवाला आळवणे हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पण सत्संग म्हणून बोलावायचे आणि आत गेल्यावर भलतेच सांगायचे, असे कोणी करीत असेल तर तो टिळकांचा वारसा नव्हे. मंडळीच्या दारावर मंडळीचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे, एवढी साधी गोष्ट यासाठी पुरेशी आहे.

आमिषाच्या आक्षेपाचे घर म्हणजे मिरज. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, आणि पुढे क्षयरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या आरोग्यधामाभोवतीच्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. मिरजेला आजही डॉक्टरांचे गाव म्हणतात, त्याचे मूळ तिथे आहे. वाईलाही मिशनचे हॉस्पिटल होते. सेवा हे आमिष होते का? हिशेब पाहू. या रुग्णालयांतून सर्व जातिधर्मांचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बरे होऊन गेले, आणि बहुतेक सगळे आपापल्या देवघरात परत गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ११ कोटी २४ लाख लोकांपैकी ख्रिस्ती भरले सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी, आणि त्यांतले कितीतरी वसई-मुंबईकडचे, ज्यांचे पूर्वज पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहेत. आमिषाने सारा मुलूख बाटवला जात असल्याचे चित्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

तरी आकड्यांनी नैतिक प्रश्न संपत नाही. मिशनच्या दवाखान्यांत रुग्णांना उपदेश केला जाई, हे मिशनच्या अहवालांतच नमूद आहे. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याला नको म्हणणे त्याला जमत नाही. त्या काळच्या सद्हेतूबद्दल मला शंका नाही, पण आज आपण स्पष्ट म्हटले पाहिजे की सेवेला कोणतीही अट नसावी आणि असहाय माणसापुढे प्रचार नसावा. हीच गोष्ट आजारावरच्या प्रार्थनेची. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य आहे; पण गोळ्या बंद करा, प्रभू बरे करील, असे जो सांगतो तो माणसाच्या जिवाशी खेळतो. मिरजेच्या परंपरेत वाढलेल्या मंडळीला हे खपताच कामा नये, कारण त्या परंपरेने प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली केल्या.

आणखी एक आक्षेप जातीशी गुंतलेला आहे आणि त्यावर आपण फार कमी बोलतो. दक्षिण महाराष्ट्रातल्या बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. या अटीचा परिणाम असा की प्रार्थनेला एक नाव आणि दाखल्यावर दुसरे, अशी अवस्था अनेकांच्या वाट्याला येते, आणि विरोधक त्यांना लबाड ठरवतात. धर्म बदलल्याने गाव त्यांची जात विसरले, असे झालेले नाही. मग सवलत तेवढी का जावी? हे गाऱ्हाणे दबक्या आवाजात न मांडता आयोगापुढे, न्यायालयापुढे, सभेत मांडले पाहिजे. पण ते मांडणाऱ्या मंडळीने आधी आपल्या घरात डोकावावे. लग्न जुळवताना जात पाहणारी, स्मशानभूमीत आणि पंचकमिटीत पोटजातीचे गट पाडणारी मंडळी इतरांना समतेचा उपदेश कोणत्या तोंडाने करणार?

आता हल्ल्याविषयी. डिसेंबर २०१८ मध्ये, नाताळ दोन दिवसांवर असताना, कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या कोवाड गावी प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर तोंडे बांधून आलेल्या टोळक्याने हत्यारांनी हल्ला केला. तिथे चर्चेला जागाच नव्हती. अशा वेळी पुष्कळ मंडळ्या आपसांत ठरवतात की प्रकरण वाढवू नये, गावात राहायचे आहे. त्यांची भीती खरी आहे. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण गप्प बसल्याने पुढचा हल्ला थांबतो, असा अनुभव नाही. कायद्याने दिलेली वाट नीट माहीत असावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, तिची प्रत फुकट मिळते, आणि ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी माहिती पाठवता येते. धार्मिक सभेत व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. धर्माच्या नावाने वैर पसरवणे हा कलम १९६ खाली. द्वेषमूलक भाषणांवर कोणी तक्रार केली नाही तरी पोलिसांनी आपणहून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. पौलाला रोमचे नागरिकत्व होते; आपल्याला भारताचे आहे, आणि ते त्याच्याहून भक्कम आहे.

इथे पहिली हरकत येते ती आपल्यातूनच. दुसरा गाल पुढे करा असे शिकवणाऱ्याच्या शिष्यांनी पोलीस ठाण्याची पायरी चढावी काय? याचे उत्तर ग्लॅडिस स्टेन्स यांनी दिले आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहॅम आणि दोन लहान मुले यांना गाडीत जिवंत जाळले गेले. त्यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. पण खटला थांबवा असे त्या म्हणाल्या नाहीत. क्षमा ही आपली गोष्ट आणि न्याय ही राज्याची, हा भेद त्यांनी पाळला. क्षमा म्हणजे सूड सोडणे. सत्य सोडणे म्हणजे क्षमा नव्हे. शिवाय माझ्या गालावर बसलेली चापट मी सोसू शकतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईवर उगारलेली काठी तिच्या वतीने सोसण्याचा हक्क मला नाही. फिर्याद करताना सुडाची भाषा नको, दोन गावकऱ्यांच्या गुन्ह्यासाठी साऱ्या गावाला बोल नको, आणि प्रतिहल्ला तर मुळीच नको. ही बंधने पाळली की फिर्याद हेही प्रेमाचेच कृत्य ठरते, कारण ती हल्लेखोरालाही आणखी वाईट होण्यापासून अडवते.

दुसरी हरकत बाहेरून येते. एवढा त्रास होतो तर प्रचारच थांबवा. घटनेच्या २५ व्या कलमाने सद्‌सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे; दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. अनेक ख्रिस्ती लोकांना हा निर्णय जाचक वाटतो. त्याच्यावर टीका करायला जागा आहे, कारण ऐकणाऱ्याला बदलण्याचे स्वातंत्र्य नसेल तर सांगण्याला अर्थ राहत नाही. पण त्या निर्णयातला एक भाग आपल्या श्रद्धेलाही मान्य व्हावा: कोणाला बदलणे हे माणसाचे काम नव्हे. आपण सांगावे, घेणारा घेईल, न घेणारा न घेईल. ज्या धर्मात बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला लाखोंसह उघडपणे प्रवेश केला, तो ख्रिस्ती नव्हता, पण माणसाने विचार करून धर्म निवडावा हा हक्क त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. तो हक्क एका धर्माला लागू आणि दुसऱ्याला नाही, असे होऊ शकत नाही.

तिसरी हरकत अशी की आपणच आपले दोष जाहीर केले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. ही भीती समजण्यासारखी आहे, तरी ती चुकीची आहे. विरोधकाला लागणारे कोलीत आपल्या लपवाछपवीतूनच मिळते. कुठल्याशा घरात सुनेवर दबाव आला, कुठे अल्पवयीन मुलाचा घाईने बाप्तिस्मा झाला, कुठे मंडळीच्या जमिनीचे पैसे कोणाच्या घशात गेले, हे गावाला आपल्या आधी कळते. आपण आधी बोललो तर तो कबुलीचा जबाब असतो. मागाहून बोललो तर ती सारवासारव ठरते.

म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्या वार्षिक सभेत काही ठराव करावेत, लेखी करावेत आणि गावाला सांगावेत. सज्ञान झालेल्या माणसाने स्वतः मागितल्याशिवाय, आणि पुरेसा काळ शिकवण घेतल्याशिवाय, बाप्तिस्मा नको. विवाहित माणूस मागत असेल तर जोडीदाराला अंधारात ठेवू नये. घरातल्या कोणाचीही देवपूजा, हळदीकुंकू, सण धर्माच्या नावाखाली बंद पाडू नयेत. सून ख्रिस्ती घरात आली म्हणून तिची श्रद्धा त्या घराच्या मालकीची होत नाही. दुसऱ्यांच्या देवांची निंदा व्यासपीठावरून कोणी केली तर त्याला तिथेच थांबवावे. मदतीच्या पैशांचा हिशेब भिंतीवर लावावा. आणि यानंतरही कोणी दगड घेऊन आले तर दहा जणांनी मिळून, वेळ-तारीख-नावांसह, फिर्याद द्यावी, आणि त्या फिर्यादीवर शेजारच्या हिंदू, मुसलमान, बौद्ध मित्रांच्या सह्या घ्याव्यात. ते सह्या करतील, याची खात्री मला आहे. कारण या मुलखाने टिळकांना शेवटी आपले म्हटले आहे.

सभागृहात बसलेल्या ख्रिस्तेतर मित्रांना माझी एक विनंती आहे. आमच्यावर टीका करा, कठोर करा, पुराव्यानिशी करा. आम्ही उत्तर देऊ आणि चुकलो तर सुधारू. पण कोणी हात उगारला तर आमच्या बाजूने उभे राहा, आमचा धर्म पटतो म्हणून नव्हे, तर प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्कही त्याच दिवशी धोक्यात येतो म्हणून. ज्या गावात धर्मगुरूला मारण्याचे इनाम लागते, त्या गावात उद्या विष्णुबुवांनाही वाद घालता येणार नाही. आणि माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना एवढेच सांगतो, की आपली संख्या थोडी आहे हे निमित्त आता पुरे. थोड्या माणसांनी सरळ राहणे सोपे असते, एकमेकांना जाब विचारणे सोपे असते. आपण खरे बोललो, खुलेपणाने वागलो आणि न भिता कायद्याच्या दारात उभे राहिलो, तर विरोध संपेलच असे नाही. पण त्या विरोधात आपला दोष किती आणि दुसऱ्याचा अन्याय किती, हे साऱ्या जिल्ह्याला स्वच्छ दिसेल. न्याय मागणाऱ्याला याहून मजबूत जागा दुसरी मिळत नाही.